बेळगावात नवीन आलीस, तर शेजार आधी जोड

टिळकवाडीत खोली मिळाली म्हणतेस, छान झालं. पण रोज संध्याकाळी खोलीत एकटी डबा उघडून बसू नको गं. शेजारच्या कन्नड काकू जिन्यात विचारतील, "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का. नुसती हसून पुढे जाऊ नको. "आत्रि, निम्दु?" म्हणजे झालं, तुमचं? एवढं म्हण. मी तेवढंच शिकले होते, आणि आठवड्यात त्यांच्याकडून ज्वारीची कडक रोट्टी, शेंगाचटणी आणि एण्णगाई आली. एण्णगाई म्हणजे आपलं भरलं वांगंच, पण तीळ-शेंगदाण्याच्या कुटाला तेल सुटेपर्यंत मंद आचेवर ठेवलेलं. रोट्टी पापडासारखी मोडायची, वांग्याच्या रश्शात जरा भिजू द्यायची, मग खायची. त्यांचं भांडं मात्र रिकामं परत करू नको. चार थालीपिठं तरी घाल.

रविवारी मैत्रिणींना घेऊन खडेबाजारात चालत जा. कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, घेताना रंग बघ: दूध-साखर नीट परतलेली असेल तर तो तपकिरी आणि दाणेदार दिसतो. पाव किलो पुरे. तिथून किल्ल्याच्या तलावाकाठी बसा. माझ्या सगळ्या जुन्या ओळखी तिथल्याच आहेत.