उद्यमबागेतील कारखान्यांकडून संस्थेला विनामूल्य व्यावसायिक सेवा कशी मिळवावी?

खानापूर तालुक्यात अभ्यासिका चालवणाऱ्या आपल्या संस्थेला बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांकडून देणगीऐवजी कौशल्य हवे आहे, असे आपण विचारले आहे. ‘मदत करावी’ अशी मोघम विनंती न करता, आठ-दहा आठवड्यांत पुरे होईल असे एकच काम ठरवावे. उदाहरणार्थ, मागील तीन वर्षांचे हिशेब संगणकावर नोंदवून लेखापरीक्षणासाठी तयार करणे. ते कोण करील, आठवड्यातून किती तास देईल, कागदपत्रे कोण पुरवील आणि नंतर ती व्यवस्था संस्थेत कोण सांभाळील, हे दोन पानांच्या करारपत्रात लिहून घ्यावे. यांतील शेवटचा प्रश्न बहुधा विसरला जातो, आणि मग शिकवलेला माणूस नसल्याने संगणकावर पुन्हा कापड पडते.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते; मात्र कर्मचाऱ्यांनी विनामूल्य दिलेल्या वेळेची किंमत त्या खर्चात धरता येत नाही. म्हणून केवळ मोठ्या कंपन्यांच्या मागे लागू नये. लहान फाउंड्रीचा (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचा) मालक स्वतःच निर्णय घेतो, हा मला मोठा फायदा वाटतो.

आपल्या भागात आणखी एक सेवा आवर्जून मागावी: शासकीय पत्रव्यवहार कन्नडमध्ये आणि संस्थेचे दप्तर मराठीत असल्यास, दोन्ही भाषा नीट लिहिणारा कारखान्यातील लेखनिक महिन्यातून एक शनिवार मिळाला, तरी बरीच अडलेली कामे मार्गी लागतात.