नवीन कार्ब घ्यायच्या आधी जुना नीट उघडून बघ

अरे मित्रा, जुनी गाडी नीट चालत नाही म्हणून लगेच नवीन कार्बोरेटर (कार्ब, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) घेऊ नकोस, जुन्या गाडीचा ओरिजिनल कार्ब बहुतेक वेळा नुसता घाणीने चोक झालेला असतो, बॉडी वाकडी नसेल आणि थ्रॉटल शाफ्टला (अ‍ॅक्सिलरेटरने फिरणाऱ्या दांड्याला) प्ले म्हणजे ढिलेपणा नसेल तर तो बहुतेक वेळा वाचतो. उघडायच्या आधी भरपूर फोटो काढ. मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) आधी पूर्ण आत फिरवून किती आटे गेले ते लिहून ठेव, पण हलक्या हाताने हं, टोक खराब झालं तर आयडलिंग (रेस न देता इंजिन चालू राहणं) नीट जमणार नाही. जपानी गाडी असेल तर जेआयएस (जपानी मानकाचा) स्क्रूड्रायव्हरच वापर, साध्या फिलिप्सने स्क्रूची डोकी खराब होतात.

सगळ्यात महत्त्वाचा पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल सोडणारा छोटा पितळी भाग), त्याचं भोक इतकं बारीक असतं की जुनं पेट्रोल सुकून तिथेच बसतं. त्यात तार अजिबात घालू नकोस, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं! कार्ब क्लीनर स्प्रे आणि हवेचा प्रेशर, बस. क्लीनर मारण्याआधी रबराचे ओ-रिंग, डायफ्रॅम (पातळ रबरी पडदा) काढून ठेव. रिपेअर किटमधले नवे ओ-रिंग, गॅस्केट घाल पण जेट शक्यतो जुनेच ठेव, त्यावरचा नंबर जुळवून बघ. फ्लोटची (कार्बमधली पेट्रोलची पातळी सांभाळणारा तरंगता भाग) हाइट मॅन्युअलप्रमाणे ठेव, आणि २ कार्ब असतील तर शेवटी व्हॅक्यूम गेजवर सिंक कर, म्हणजे दोन्ही सारखे चालतील असे जुळव.