कळलावीचे बी उगवले नाही म्हणून डोंगरावरचे कंद उकरू नका

प्रश्न: मागील पावसाळ्यात कळलावी या रानवेलीचे बी कुंडीत पेरले, परंतु दोन महिन्यांत एकही कोंब दिसला नाही. आता डोंगरावरून कंद आणून लावावेत का? (एक शेतकरी भगिनी, मुळशी)

उत्तर: ताई, कंद आणू नका आणि ती कुंडीही रिकामी करू नका. कळलावीच्या बियांना सुप्तावस्था असते, म्हणजे जिवंत असूनही बी काही काळ न उगवता निजून राहते. त्यामुळे एकाच बोंडातील काही बिया तीन-चार आठवड्यांत उगवतात, काहींना अनेक महिने लागतात, तर काही थेट पुढच्या पावसाळ्यातच डोके वर काढतात. आपले बी खराब निघाले असे मानण्याची घाई बहुतेक जण करतात, आणि नेमके तेव्हाच डोंगरावरचे कंद उकरले जातात. नांगराच्या आकाराच्या या कंदाला (संस्कृतातील ‘लांगली’ हे नाव त्यावरूनच आले) कोंब फुटण्याचा डोळा फक्त टोकाशी असतो व ते टोक काढतानाच मोडते, म्हणून डोंगरावरचे झाड जाते आणि बागेतही काही उगवत नाही. राखीव वनातून परवानगीशिवाय कंद काढणे हा गुन्हाही आहे.

नवे बी घ्यायचे असल्यास पावसाळा सरल्यावर पिवळसर होऊन तडकू लागलेली बोंडे निवडावीत, बियांवरील लालसर गर चोळून धुवावा, बी सावलीत वाळवून कापडी पिशवीत उन्हाळाभर ठेवावे आणि मे महिन्याच्या अखेरीस रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पेरावे. पोयटा माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात घेऊन बी एक ते दीड सेंटिमीटर खोल टाकावे. पाणी साचता कामा नये.

पहिल्या वर्षी रोप अगदी किरकोळ दिसते आणि हिवाळ्यात वाळून जाते. ते मेलेले नसते, मातीखाली लहानसा कंद तयार झालेला असतो. म्हणून त्या काळात पाणी पूर्ण बंद ठेवावे, नाहीतर कंद कुजतो. पुढे वेलीला आधार द्यावा, कारण ती पानांच्या टोकांनी धरून चढते. फूल साधारणपणे तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी येते.

या वनस्पतीच्या सर्व भागांत, विशेषतः कंद व बियांत, कोल्चिसिन हे तीव्र विष असते. कंद रताळ्यासारखा दिसत असल्याने तो स्वयंपाकघरात कधीही ठेवू नये, हातमोजे घालूनच हाताळावा, आणि कुंडी मुले व जनावरे यांच्यापासून दूर असावी. चुकून कोणी खाल्ल्यास घरगुती उपाय न करता वनस्पतीचा तुकडा सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.