नव्या ताईसाठी: समुद्र शिकवायचा तर खाडीपासून

देवमासा, शार्क नंतर. ऐरोलीच्या मुलांना आधी ठाण्याची खाडी दाखव. २०२२ पासून ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, पण ते एका वाक्यात उरक. पोरांना त्यात रस नसतो.

रस असतो निवटीत. ओहोटीला चिखलावर कल्ल्यांजवळच्या परांवर रेटत सरकते, मधूनच उडी मारते. मासा असून पाण्याबाहेर कशी, हे मुलांनाच विचार, लगेच सांगू नकोस. अंग ओलं असेतो ती कातडीतूनही श्वास घेते. एखादी चिखलात कूस बदलून लोळली, तर तेवढ्यावर अर्धा तास निघतो.

वेळ मात्र नीट साध. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ: पंचमीला पावणेचार, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी. खाडीत आत थोडा उशीर धरायचा. हा हिशेब मुलांकडूनच करून घे, मग भरतीच्या तक्त्याशी ताडून बघ.

तिवरांची वर आलेली श्वासमुळं तुडवू देऊ नकोस. चिखलात तर कुणालाच उतरवू नको, मुख्याध्यापक कितीही उत्साही असले तरी. फ्लेमिंगो हवेत? मग सहल हिवाळ्यात ठेव. दुर्बीण एकच असली तरी चालते, रांग लागते इतकंच.