१९३० च्या दशकातल्या जागतिक मंदीची झळ भारतातल्या शेतकऱ्याला खरंच बसली होती का?

बसली, आणि चांगलीच. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि १९३१ पर्यंत इथल्या शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. शेतसारा (सरकारला द्यायचा जमिनीवरचा कर) मात्र रोखीत ठरलेला, सावकाराचं व्याजही रोखीत. म्हणजे तेवढ्याच देण्यासाठी दुप्पट धान्य विकायचं. त्यात रुपया ब्रिटिश चलनाशी, १ शिलिंग ६ पेन्सच्या दराने बांधलेला. तो स्वस्त केला असता तर मालाला रुपयांत जास्त भाव मिळाला असता, पण सरकार तयार नव्हतं.

सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्ण परिमाण (पौंडाची किंमत सोन्याशी बांधून ठेवण्याची पद्धत) सोडलं, तसा रुपयांत सोन्याचा भाव चढला. मग घरोघरच्या पाटल्या सराफाकडे, तिथून मुंबई बंदर, तिथून लंडन. सरकारने ही निर्यात अडवली नाही. 'चढ्या भावाचा फायदा घेऊन लोकांनी सोनं विकलं' असंही म्हटलं जातं. व्यापाऱ्यांपुरतं ते खरं असेल, पण कर्जात बुडालेलं घर हौसेने डोरलं मोडत नाही.

राजकारणावर याचा परिणाम थेट दिसतो. १९३१ मध्ये संयुक्त प्रांतात (आजच्या उत्तर प्रदेशात) खंडबंदीची, म्हणजे जमीनदाराला खंड न देण्याची, चळवळ झाली. १९३४ मध्ये पगारकपातीविरुद्ध मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला आणि त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली. १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, पुढच्या वर्षी खोती (कोकणात खोत कुळांकडून सारा वसूल करत, ती पद्धत) रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चाने आले. काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात ते विधेयक मंजूर झालं नाही. शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा मुंबई प्रांतातला कायदा १९३९ मध्ये आला, म्हणजे दशक सरता सरता.