वाचकांचे प्रश्न : हळद, गुळवेल आणि मधुमेहातला दाह

प्रश्न : सहा वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. अंगातल्या दाहावर हळदीचा अर्क चांगला, असं सगळे सांगतात. मी रोज दुधातून चमचाभर हळद घेतो. तेवढी पुरते, की कॅप्सूल घ्यावी? (एक वाचक, रावेर)

उत्तर : पोटावरची चरबी रक्तात दाह (आतल्या आत राहणारी सूज) वाढवणारी द्रव्यं सतत सोडत असते आणि त्यामुळे इन्सुलिनचा जोर कमी पडतो. हळदीतलं कर्क्युमिन इथं काम करतं. पण हळदीत ते असतं जेमतेम तीन टक्के. चमचाभर, म्हणजे तीन ग्रॅम हळदीतून ९० मिलिग्रॅम मिळालं. ९५ टक्के कर्क्युमिन असलेल्या अर्काच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ४७५. एक कॅप्सूल म्हणजे पाच चमच्यांहून जास्त हळद! म्हणून कॅप्सूलला ‘घरचीच हळद’ समजू नका, ते औषधच आहे.

थायलंडमधल्या २०१२ सालच्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना रोज दीड ग्रॅम अर्क नऊ महिने दिला. औषध नसलेली कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी १६.४ टक्के लोकांना मधुमेह झाला, अर्क घेणाऱ्यांत कुणालाच नाही. निकाल मोठा आहे, पण ती माणसं उंबरठ्यावर होती. तुम्ही सहा वर्षं आत आहात.

कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून साय काढलेल्या दुधापेक्षा भाजीच्या फोडणीतली हळद बरी. मिऱ्यातल्या पायपरीनमुळे ते कितीतरी पटींनी जास्त शोषलं जातं. मात्र इतर काही औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढतं, आणि अशा मिश्र कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. वेष्टनावर पायपरीन लिहिलंय का, ते वाचा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर कॅप्सूल नकोच.

डॉक्टरांना विचारून सुरू केलीत, तर ग्लिमेपिराइडनं साखर फार खाली जाऊ शकते म्हणून पहिले दोन आठवडे सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी जेवणाआधी साखर मोजा. ७०च्या खाली गेली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. गोळी मनानं कमी करू नका. उपयोग होतोय का, हे पाहायला सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी एचएस-सीआरपी (दाह मोजणारी रक्ततपासणी) आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासा. एचएस-सीआरपी एकच्या खाली असणं चांगलं, तीनच्या वर वाईट. दहाच्या वर आली तर बहुधा ताप, दाढ किंवा जखम बोलतेय. ते बरं झाल्यावर पुन्हा तपासा.

प्रश्न : कपाशीच्या बांधावरच्या कडुनिंबावर गुळवेल आहे. तिचा काढा रोज घेतला तर चालेल? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : त्या बांधावरची नको. कपाशीवरची फवारणी वेलीवरही बसते. दुसरीकडची घ्याल तर आधी ओळख पटवा. खरी गुळवेल हिरवट, तिच्या खोडावर गाठीगाठी नसतात, तोडल्यावर दुधासारखा चीक येत नाही, फळ गोल आणि लाल. राखाडी, गाठाळ खोड आणि दुधाळ चीक असेल तर ती दुसरीच जात. काढ्याला २० ते ३० ग्रॅम खोड लागतं, पण महिनोन्‌महिने पिऊ नका. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्यांच्या यकृताला सूज आल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, जातींची गफलत सांगितली. आमचा सल्ला मात्र सावधच आहे : यकृताचा किंवा स्वप्रतिकारशक्तीमुळे होणारा थायरॉइड, संधिवातासारखा आजार असेल तर गुळवेल टाळा. लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले किंवा अन्न नकोसं झालं, तर काढा त्याच दिवशी थांबवून एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) तपासा.

प्रश्न : आईचे पाय सुजतात. हा मधुमेहातलाच दाह का? कोणता रस द्यावा? (एक वाचक, साक्री)

उत्तर : कोणताच नाही. नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडत असेल तर मूत्रपिंड आणि हृदय तपासा. पायोग्लिटाझोन आणि अ‍ॅम्लोडिपीन या गोळ्यांनीही पाय सुजतात, त्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. एकच पाय लाल, गरम आणि सुजलेला असेल, तर दुखत नसला तरी त्यावर भार देऊ नका आणि त्याच दिवशी आईंना दवाखान्यात न्या.