‘फेज’ला अवस्था म्हणावे की प्रावस्था?

नागपूरच्या एका धातुशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारले आहे की, टायटॅनियमच्या मिश्रधातूंवर मराठीत लिहिताना ‘फेज’साठी ‘अवस्था’ चालेल का, आणि ‘अल्फा स्टॅबिलायझर’, ‘बीटा स्टॅबिलायझर’ या दोहोंना नुसते ‘स्थिरकारक’ म्हटले तर बिघडते का.

‘अवस्था’ चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पदार्थाच्या अवस्था म्हटल्या की मराठी वाचकाला घन, द्रव आणि वायू एवढेच आठवते. शुद्ध टायटॅनियम सुमारे ८८२ अंश सेल्सिअसला अल्फातून बीटात जाते, तेव्हा ते घनच असते. ते वितळते १६६८ अंशांना. बदलते ती अणूंची मांडणी, म्हणजे षट्कोनी दाट रचना (अल्फा) जाऊन अंतःकेंद्रित घनाकार रचना (बीटा) येते. तिथे ‘अवस्था बदलली’ असे लिहिले, तर धातू वितळला असाच अर्थ कुणीही घेईल. विश्वकोशाने ‘प्रावस्था’ हा शब्द रुजवलेला आहे; तोच वापरावा.

‘स्थिरकारक’ हा मात्र निम्माच शब्द आहे, कारण कशाला स्थिर करणारा, हे त्यातून कळत नाही. ॲल्युमिनियम, ऑक्सिजन आणि नायट्रोजन अल्फाला आधार देतात व रूपांतरणाचे तापमान वर नेतात. व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम, लोह आणि क्रोमियम बीटाला आधार देऊन तेच तापमान खाली आणतात. आपल्या जिल्ह्यातलेच पाहायचे, तर वाडीच्या संशोधन केंद्रात ज्याचा अभ्यास चालतो ते ॲल्युमिनियम अल्फाच्या बाजूचे आणि मनसर, गुमगावच्या खाणींतले मँगनीज बीटाच्या बाजूचे. एकाच नावाखाली ही दोन घातली, तर वाक्याचा अर्थच उलटू शकतो. म्हणून ‘अल्फा-स्थिरकारक’ आणि ‘बीटा-स्थिरकारक’ असे जोडशब्दच लिहावेत.

सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूत ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते, म्हणजे दोन्ही बाजूंचे घटक एकत्र नांदतात. तो सुमारे ९९५ अंशांवर पूर्णपणे बीटा होतो. त्याखाली मोठ्या टप्प्यात दोन्ही प्रावस्था सोबत असतात, म्हणून मिश्रधातूसाठी ‘रूपांतरण तापमान’ असे मोघम न लिहिता ‘पूर्ण-बीटा तापमान’ लिहिणे मला अधिक नेमके वाटते. त्या तापमानावरून तो सावकाश थंड केला, तर अल्फाच्या पट्ट्या वाढतात. पाण्यात झटकन विझवला, तर अणूंना दूर सरकायला वेळच मिळत नाही आणि सुयांसारखे मार्टेन्साइट, म्हणजे अणू न पांगता मांडणी एकदम बदलून बनणारी रचना, तयार होते. साधारण १० टक्के मॉलिब्डेनम असेल, तर विझवल्यानंतर बीटा सामान्य तापमानालाही टिकते. पण ते टिकणे ‘अर्धस्थिर’ असते, कारण पुढे काही तास ५०० अंशांच्या आसपास तापवल्यावर त्यातूनच बारीक अल्फा बाहेर पडते आणि धातूचे बळ वाढते.

झिर्कोनियम आणि कथिल यांना ‘तटस्थ’ म्हणावे, ‘निष्क्रिय’ नव्हे. रूपांतरणाच्या तापमानात ते फारसा बदल करत नाहीत, पण धातूला बळकट नक्कीच करतात.